फुकट पातेल्याची किंमत

गुढीपाडव्याचा दिवस. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. गावाबाहेरच्या माळावर, अर्ध्या बांधलेल्या इमारतीसमोर मांडव घातला होता. मांडवात दीडशे माणसं, आणि एका टेबलावर लाल मखमलीत मांडलेली सोन्याची नाणी.

पहिल्या रांगेत रमाकांत तांबट बसले होते. गावातले भांड्यांचे मोठे दुकानदार. तीस वर्षं त्यांनी दुकानावरच्या खोल्यांत संसार केला. आता त्यांच्या पत्नीचे, शालनताईंचे, गुडघे गेले होते. जिना उतरायचा म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना नवं घर हवं होतं ते एकाच गोष्टीसाठी. लिफ्टसाठी.

बिल्डरचा माणूस माइकवर ओरडत होता. "आज नोंदणी करणाऱ्याला सोन्याचं नाणं, तयार स्वयंपाकघर, एसी, सगळं फुकट! पण मुहूर्त साडेबाराला संपतो. नंतर भाव बदलेल!"

शालनताई नवऱ्याकडे वाकल्या. "अहो, पाडव्याचा तर सगळा दिवसच शुभ. हा साडेबाराचा मुहूर्त कुठून आला?"

तो कुठून आला, हे तांबटांना पक्कं ठाऊक होतं. दर धनत्रयोदशीला ते स्वतः गिऱ्हाइकांना हेच सांगत. "मुहूर्त टळला की भाव बदलेल, ताई." त्यांच्या दुकानावर पाटी होती, 'कुकरवर पातेलं फुकट'. पातेल्याची किंमत कुकरवर आधीच चढवलेली असे. दुकान आवरताना ते हसून बायकोला म्हणत, "पातेलं कुठलं फुकट? फुकट ते गिऱ्हाइकाचं हसू."

पण टेबलावरचं नाणं चमकत होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून रखमाजी ढवळे उठले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर.

"मला नाणं नको, एसी नको," ते म्हणाले. "त्यांची किंमत घराच्या भावातून वजा करा. आणि लिफ्ट चालू होईपर्यंत शेवटचा हप्ता देणार नाही, असं करारात लिहा."

माइकवाला हसला. "काका, सणासुदीला घासाघीस? ही काय भाजीमंडई आहे?"

मांडव खदखदून हसला. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते तांबट. "ढवळेकाका, गाडी रिव्हर्समध्ये कशाला टाकता? मुहूर्त गाठा, हिशेब मागाहून!"

ढवळ्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. बारा वाजून वीस मिनिटांनी तांबटांनी सही केली. लिफ्ट कधी लागणार, हे शालनताईंनी दोनदा विचारलं. "अगं, एवढं देताहेत, तर लिफ्ट नाही का देणार?" असं म्हणून तांबटांनी त्यांना गप्प केलं.

चौदा महिन्यांनी चौथ्या मजल्यावरच्या घराची किल्ली मिळाली. स्वयंपाकघर चकचकीत होतं. एसी गार होता. लिफ्टच्या जागी मात्र चार मजल्यांचा पोकळ खड्डा, त्यावर ठोकलेल्या फळ्या, आणि एक कागद: 'लवकरच'. दुकानावरच्या खोल्या तर घरासाठी विकून झाल्या होत्या. दुकानातल्या दोन हमालांनी शालनताईंना खुर्चीत बसवून बहात्तर पायऱ्या वर नेलं. त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत.

तांबट बिल्डरच्या ऑफिसात भांडायला गेले. तिथल्या माणसानं करार पुढे सरकवला. "दाखवा शेठ, लिफ्टची तारीख कुठे लिहिली आहे?"

कुठेच नव्हती. नाण्याचं वजन मात्र मिलिग्रॅमपर्यंत लिहिलेलं होतं.

तिथेच एका कारकुनाकडून त्यांना कळलं, की पाडव्यानंतर आठ दिवसांनी बिल्डर स्वतः ढवळ्यांच्या दारात गेला होता आणि त्यांच्या दोन्ही अटी त्यानं करारात लिहून दिल्या होत्या. ढवळ्यांना घर स्वस्त पडलं होतं, आणि लिफ्ट नाही म्हणून शेवटचा हप्ता अजून त्यांच्याच खात्यात होता.

तांबट मान खाली घालून त्यांच्याकडे गेले. एसटी डेपोमागच्या जुन्या खोलीत ढवळ्यांनी त्यांना चहा दिला.

"काका, तुम्ही आयुष्यभर गाडी चालवली. ही विद्या कुठे शिकलात?"

ढवळ्यांना आश्चर्य वाटलं. "म्हणजे काय, तुमच्याच दुकानात! त्या पाडव्याआधीच्या धनत्रयोदशीला आमची ही म्हणाली, 'पातेलं राहू द्या, कुकरचे पैसे कमी करा.' तुम्ही मुकाट दीडशे रुपये कमी केलेत. मी म्हटलं, फुकटचं नको म्हटलं की खरा भाव बाहेर येतो."

तांबटांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि ते उठले.

घरी आल्यावर शालनताईंनी विचारलं, "काय म्हणाले काका?"  उत्तराची वाट न पाहता त्यांनी मसाल्याच्या डब्याशेजारचं ते सोन्याचं नाणं उचललं आणि नवऱ्याच्या हातावर ठेवलं.

"एवढं मोडून आणा सोनाराकडून. मीच गेले असते. पण खाली उतरायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबटांनी दुकानावरची पाटी स्वतः शिडीवर चढून उतरवली. गिऱ्हाइकांनी कारण विचारलं. ते पाटी घेऊन आत निघून गेले.

त्या इमारतीला नगरपालिकेनं राहायला योग्य असल्याचा दाखला दिलेला आहे. त्यात अकराव्या ओळीत लिहिलं आहे, 'लिफ्ट: चालू स्थितीत'. खाली तारीख आहे, शिक्का आहे, सही आहे. सही करणारा माणूस कोणत्या लिफ्टमधून वर गेला होता, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.

तात्पर्य: जे फुकट मिळतंय त्याची किंमत आधी विचारावी, आणि ज्यासाठी घर घ्यायचं ते आधी लिहून घ्यावं. आपण ज्या युक्तीनं दुसऱ्याला फसवून हसतो, तीच एक दिवस आपलं दार शोधत येते.