आज्यांचा पार

कण्हेरवाडीच्या वेशीवरचा हा पार. इथून सासरी जाणारी आणि सून होऊन इथं येणारी, दोघीही आधी ह्या पारापाशी थांबतात आणि आपल्या आईचं, आजीचं माहेर मोठ्यानं सांगतात. मगच पाऊल पुढं पडतं. ह्याला कारण झालं ते फार मागं, असं सांगतात.

त्या दिवशी साळू हळदीच्या अंगानं ह्याच पाराशी मांडवात बसली होती. अक्षता पडायला थोडाच अवकाश होता. तेवढ्यात भरमाप्पा हेळवी आला. हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा, घराघरांची वंशावळ तोंडपाठ सांगणारा माणूस. पाव्हण्यांनी हौसेनं त्याला दोन्ही घराणी म्हणायला लावली. तो म्हणत गेला, म्हणत गेला, आणि एकाएकी थांबला.

“लगीन थांबवा. दोन्ही घरांचा मूळ पुरुष एकच, कण्हेरवाडीचा सिदोजी. नवरदेवाचे वाडवडील दुष्काळात इथनंच नदीकाठाला गेले. आडनाव बदललं, देवक विसरले, पर रगत तेच. ही दोघं भाऊबहीण लागतात.”

वाजंत्री बंद पडली. हळद लागलेली पोर मांडवातून उठली की तिला पुन्हा कुणी विचारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बापानं मान खाली घातली. हेळव्याचा शब्द खोटा कोण म्हणणार?

तिची आजी रमाक्का तेवढी उठली. “भरमाप्पा, त्या सिदोजीची बायकू कुठली?”

“आक्का, आम्ही बाप्यांचीच नावं घेतो.”

“मग पोरं काय झाडाला लागली व्हती?”

एरवी मांडव हसला असता. आज कुणी हसलं नाही. रमाक्का नवरदेवाच्या आजीकडं वळली. “इहीणबाई, तुमच्या मूळ बाईचं माहेर कंचं?”

“बेलवडं. तिच्या माहेरच्या देवीला आम्ही अजून खण धाडतो.”

“आमची तर करंजवण्याची.”

“सिदोजीला दोन बायका असतील की!” मागून कुणीतरी टोमणा मारला.

साळू हेळव्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यानं डोळे मिटले होते, ओठ हलत होते. पुन्हा मुळापासून तो सगळं म्हणत होता, म्हणे. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

“बेलवड्याची सून खालच्या आळीची. माझा पणजा तिच्या दारात बैल बांधायचा, ती बैलाला गूळ चारायची. आणि करंजवण्याची, ती वरच्या आळीची. घरं दोन, सिदोजी दोन.”

गाव सिद्धनाथाचं. देवाचं नाव म्हणून घरोघर सिदोजी. हेळव्यानं दोघांचा एकच केला होता.

त्यानं पागोटं काढून रमाक्काच्या पायाशी ठेवलं. बाईचं माहेर सांगितल्याबिगर बाप्याचं नाव घेणार नाही, अशी आण घेतली. त्या साली वंशावळ सांगण्याबद्दल मिळणाऱ्या धान्याचा दाणाही गावातून नेला नाही. लग्न लागलं. निघताना साळू पाराशी थांबली आणि कुणी न सांगता आईचं, आजीचं माहेर मोठ्यानं बोलली.

आजही शहरातून माणसं मूळ शोधत येतात. पिशवीभर कागद आणतात, आजोबा-पणजोबांचं नाव सांगतात. पारावरचं म्हातारं माणूस त्यांना पाणी देतं आणि विचारतं, “आजीचं माहेर?” पुष्कळजण पिशवीतले कागद चाळायला लागतात.

“मग आधी घरी जा, बाबा,” ते म्हातारं सांगतं. “कागद कुठं पळून जात न्हाईत. म्हातारी हाय तवर तिला इचार.”