रंगाखालची चकती

एकदा एका जुन्या मोटारीच्या इंजिनावरून गुरू-शिष्यांत खटका उडाला.

गुरू म्हणजे कोल्हापूरचे यासीन मिस्त्री. पन्नास वर्षे जुनी इंजिने दुरुस्त करण्यात गेलेली. शिष्य धैर्यशील, तिशीतला, अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांच्याकडे शिकायला आलेला. मोटार होती निवृत्त मुख्याध्यापिका नाडगौडा बाईंची, त्यांच्या वडिलांच्या काळातली. रत्नागिरीला बाईंचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. ती गाडी एकदा त्याच्या दारात उभी करावी, एवढीच बाईंची इच्छा.

धैर्यशीलने इंजिन खोलले, सांध्यांत नवे गास्केट घातले, बाहेरून सुरेख हिरवा रंग दिला. मग इंजिन गार ठेवणारे पाणी भरून तीन दिवस ते चालवले. खाली अंथरलेला कागद कोरडाच राहिला. "गुरुवारी गाडी न्या," असे त्याने बाईंना कळवूनही टाकले.

बुधवारी दुपारी, इंजिन गार असताना, यासीन मिस्त्री हातोडी आणि छिन्नी घेऊन आले. इंजिनाच्या कुशीत पाच गोल छिद्रे होती आणि त्यांवर पत्र्याच्या चकत्या ठोकून बसवल्या होत्या. त्यांतल्या मधल्या चकतीवर छिन्नी टेकवून त्यांनी घाव घातला. पाण्याची धार थेट धैर्यशीलच्या पायांवर आली.

"वस्ताद, हे काय केलंत? थेंबभर गळत नव्हतं हो!"

मिस्त्रींनी चकती उचकटून त्याच्या तळहातावर ठेवली. बाहेरची बाजू रंगाने लखलखत होती. आतल्या बाजूने गंजाचे पापुद्रे सुटत होते. धैर्यशीलने अंगठा दाबला, तो आरपार गेला.

"पहिल्यांदा पाणी सोडलंस, तेव्हा कसल्या रंगाचं आलं होतं?"

"तांबूस. म्हणून तर पाण्याची टाकी धुऊन घेतली."

"टाकी धुतलीस, पण तो गंज कुणाचा, ते विचारलं नाहीस. बाबा रे, पाण्याला बाहेरचा रंग दिसत नाही. ते आतून खात जातं. इथं सपाटीवर ही चकती आणखी महिनाभर टिकली असती. परतीला घाट चढताना इंजिन तापलं, दाब वाढला, की ती फुटणार. पाणी गेलं म्हणजे इंजिन गेलं, आणि बाई भर घाटात एकट्या. गळती दिसल्यावर ती कुणीही बंद करील. ती होऊच नये म्हणून जिथं पाणी राहतं, तिथं जाऊन बघावं लागतं."

धैर्यशीलने स्वतःच बाईंना फोन लावला. "बाई, चूक माझी आहे. मला चार दिवस द्या."

"भाऊ वाट बघतोय रे," बाई म्हणाल्या. "पण नीट कर."

त्याने पाचही चकत्या काढल्या. दोन धडधाकट निघाल्या, तरी त्याही बदलल्या. छिद्रांतून तार घालून वर्षानुवर्षांचा गाळ खरवडला, कडा घासून स्वच्छ केल्या, पितळी चकत्या बसवल्या. रबरी नळ्या वाकवून पाहिल्या, तडकलेल्या टाकून दिल्या. शेवटी साध्या पाण्याऐवजी गंजरोधक कूलंट भरले.

सोमवारी बाई आल्या. बाईंनी विचारले, "घाटात दगा नाही ना देणार?"

"आतून पाहिलंय, बाई. निर्धास्त जा," धैर्यशील म्हणाला.

गाडी वळणाआड गेली. कोपऱ्यातल्या दुसऱ्या मोटारीचे बॉनेट यासीन मिस्त्रींनी उघडले आणि पाना शिष्याच्या हाती दिला.