दाऊदची दिशा

"…पण त्यांनी विचारलं काय होतं?" उस्ताद फखरुद्दीन मधेच म्हणाले.

मुबश्शिर थांबला. आदल्या दिवशीच्या सर्वधर्म सभेची हकीगत तो रंगवून सांगत होता. कोण कसा अंगावर आला, आपण कसं परतवलं, टाळ्या कशा पडल्या…

"गादीवाले सिद्रामअप्पा उठले. म्हणाले, तुमचा अल्ला सगळीकडे आहे म्हणता, तर दिशा चुकलेल्याचं तो ऐकत नाही का?"

"मग?"

"मी म्हटलं, अप्पा, पत्ता चुकला तर पत्र पोचतं का? सगळी सभा हसली. अप्पा खाली बसले ते बसलेच."

"हे खरं उत्तर होतं?"

मुबश्शिरची मान खाली गेली. खरं उत्तर त्याला ठाऊक होतं. नकळत दिशा चुकली तर नमाज वाया जात नाही, हे तो मशिदीच्या याच ओसरीवर शिकला होता. पण प्रश्न त्याला टोमण्यासारखा लागला होता, आणि समोर सभा होती.

"ते का विचारत होते?"

"…ते नाही विचारलं."

"मग विचारून ये."

अप्पा दुकानात गादीला टाके घालत होते. मुबश्शिरला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी बसायला जागा करून दिली.

"अप्पा, काल तुम्ही ते का विचारलंत?"

सुई कापडात तशीच राहिली.

"दाऊद पिंजाऱ्याला तू पाहिलं नसशील," अप्पा म्हणाले. "तो कापूस पिंजायचा, मी गाद्या शिवायचो. उभा जन्म एका दुकानात काढला. एकदा कापूस आणायला निघालो होतो. भर माळावर त्याच्या छातीत कळ आली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आभाळ गच्च भरलेलं. मला म्हणाला, सिद्राम, मला मक्केकडे वळव…"

अप्पांनी सुई बाजूला ठेवली.

"मक्का पश्चिमेला, पण सूर्य दिसेना. मला जी बाजू पश्चिम वाटली तिकडे मी त्याला वळवला. तो शांत झाला. गेला. मग थोड्या वेळानं ढग फाटले…"

अप्पांनी हाताची पालथी मूठ डोळ्यांवर धरली.

"मावळतीचा सूर्य त्याच्या पाठीमागं होता रे. घरी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या बायकोलासुद्धा नाही. काल म्हटलं, शिकलेला पोरगा आहे, याला विचारावं."

मुबश्शिरला आपलंच वाक्य आठवलं. सभेतलं हसू कानात वाजलं. त्यानं अप्पांचा हात धरला आणि त्यांना मशिदीत घेऊन आला.

अप्पांनी उस्तादांना सगळं पुन्हा सांगितलं. उस्तादांनी एकच विचारलं.

"जाताना तो कुणीकडे बघत होता?"

अप्पांनी मान वर केली.

"माझ्याकडे."

उस्ताद भिंतीला धरून उठले. ओसरीवर ते नेहमी मक्केतल्या काब्याकडे तोंड करूनच बसत. गुडघे धरलेले असोत की ताप असो, मुबश्शिरनं त्यांना कधी वेगळं बसलेलं पाहिलं नव्हतं. आज ते सावकाश फिरले, पश्चिमेकडे पाठ केली आणि अप्पांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले.

मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि दाऊदचं नाव घेऊन दुआ मागायला लागले.

मुबश्शिरच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तो या आवाजापुढे बसला होता, पण तो असा कधी ऐकला नव्हता. ओसरीवरच्या चिमण्याही गप्प झाल्यासारख्या वाटल्या. आपण कुठल्या बाजूला तोंड करून बसलो आहोत, हेही त्याला कळेनासं झालं. त्याचे हात आपोआप वर गेले. अप्पांचे हात मांडीवर उताणे पडले होते.

दुआ संपली.

"बाबा," अप्पा हळूच म्हणाले, "मग… पोचला का हो तो?"

उस्तादांनी मुबश्शिरकडे पाहिलं.

"सांग बेटा. तुला विचारलंय त्यांनी."