आंदणात गेलेलं कसब

"तीन दिवसांत चोर हजर करा! नाहीतर तांबटआळीतली एकूण एक भट्टी विझवून टाकीन!" करंजगडचे महाराज गरजले.

चोरी कसली? तर कसबाची! करंजगडच्या तांब्याच्या घागरी साऱ्या मुलखात नावाजलेल्या. आता नदीपलीकडच्या राज्यातही हुबेहूब तशाच घागरी होऊ लागल्या होत्या. दरबाऱ्यांनी डोकी लढवली, म्हणजे होती तेवढी. एक म्हणाला, ठोक्यांचा आवाज वाऱ्याबरोबर पलीकडे जातो आणि ते ऐकून शिकतात. दुसरा म्हणाला, नदीकाठी भिंत घाला. महाराजांनी दोघांनाही शाली दिल्या! असल्या अकलेला तिथे शालीच मिळत.

तिसऱ्या दिवशी दरबारात आली सगुणा, रखमाजी तांबटाची लेक. काखेत एक घागर.

"चोर कुठाय?" महाराजांनी विचारलं.

"सापडला, महाराज. पण त्याला बांधून आणायची आमची छाती नाही. तो इथून वाजतगाजत गेला. वेशीपर्यंत पोचवायला तुम्ही स्वतः गेला होतात. डोळेसुद्धा पुसलेत!"

"काय बरळतेस?"

सगुणाने घागर पुढे ठेवली. "ही पलीकडच्या बाजारातली. ठोके बघा, तीन जवळ, एक लांब. दर तांबटाचा हात वेगळा पडतो. हा हात माझ्या चुलत्याचा! नदीपलीकडे दिलेल्या थोरल्या ताईसाहेबांच्या लग्नात तुम्ही चार तांबट बायकापोरांसकट आंदण दिलेत. तेव्हा हेच दरबारी म्हणाले होते, 'वा, काय थाट!'"

दरबारी एकदम छत न्याहाळू लागले.

"मग त्या चौघांना परत आणतो!"

"आणा की! पण सात वर्षांत त्यांनी तिथली चाळीस माणसं तयार केलीत. ती कशी आणाल? शिकलेला हात हुकमाने विसरत नाही, महाराज."

महाराजांचा चेहरा उतरला. "आता धाकटीचं लग्न त्याच्याही पलीकडच्या राज्यात ठरलंय. म्हणजे तिथेही घागरी सुरू होणार?"

"मुळीच नाही! या खेपेला आंदणात तांबट देऊ नका, हे दरबारी द्या! यांचं कसब तिथे पसरलं, की शंभर वर्षं त्या राज्यात साधी पळीसुद्धा घडायची नाही!"

महाराज असे हसले, की पगडी मांडीवर आली. भट्ट्या धडधडत राहिल्या, सगुणाच्या हातात सोन्याचं कडं आलं, आणि दरबाऱ्यांची नावं त्याच दिवशी आंदणाच्या यादीत चढली.