नदीपलीकडचा ऊस

गाढविणीनं खरं सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. तेव्हाही ठेवला नाही. डोंगरांना अजून नावं पडायची होती, त्या काळची ही गोष्ट.

एका रानात एक गाढव होतं. बोलायची भारी हौस. घरच्या रानात त्याचं कुणी ऐकत नसे. पण नदीपलीकडच्या रानात त्याला वर्षातून एकदा-दोनदा व्याख्यानाला बोलवत आणि उसाच्या सहा मोळ्या देत. त्यातली एक मोळी तिथला पहारेकरी राजाचा हिस्सा म्हणून ठेवून घेई, आणि गाढवाच्या गळ्यात तांब्याचा बिल्ला बांधी.

घरच्या रानाचीही रीत होती. वर्षाखेरीला साळिंदर कारकुनाला आपली सगळी मिळकत सांगायची आणि सहावा हिस्सा सिंहाला द्यायचा. पलीकडचा बिल्ला दाखवला, की त्या मिळकतीवर पुन्हा काही द्यावं लागत नसे.

त्या वर्षी गाढव दोनदा पलीकडे जाऊन आलं. त्याची बायको गाढवीण म्हणाली, "अहो, ऊस सांगून टाका. बिल्ले जपा."

"तुला काय कळतंय? बिल्ला म्हणजे पुरावा," असं म्हणून गाढवानं दोन्ही बिल्ले नदीत फेकले.

गाढवीण गाभण होती. दारात कडब्याची एकच गंजी, ती पावसाळ्यापर्यंत पुरवायची होती.

वर्षाखेर आली. साळिंदर लिहायचा तो स्वतःच्या पाठीचा काटा उपटून, म्हणून कायम चिडलेला.

"मिळकत?"

"रानातला चारा. बस."

साळिंदरानं लिहिलं. तेवढ्यात पलीकडचा बगळा, तिथं कुणाला काय दिलं याची यादी दरवर्षीसारखी घेऊन आला. साळिंदरानं ती वाचली.

"आणि बारा मोळ्या ऊस?"

"ती मिळकत नव्हे, कारकूनदादा. कौतुक होतं ते."

"कौतुकाचं काय केलंस?"

"खाल्लं."

"पोटात गेली ती मिळकत. बिल्ले कुठायत?"

गाढव नदीकडे बघत राहिलं.

साळिंदरानं कण्हत दुसरा काटा उपटला. "बिल्ले असते तर उसापायी एक काडी द्यावी लागली नसती. आता हिस्सा दे, वर लपवल्याचा दंड. अर्धी गंजी."

"चूक बगळ्याची," गाढव म्हणालं. "नाहीतर हिची. हिनं नीट बजावलं नाही."

"तीनदा बजावलं," गाढवीण म्हणाली. "आता उरलेली गंजी मी खाईन, पोटातलं पोर खाईल. तुम्ही कौतुक खा."

म्हणून सांगते, परमुलखात मिळालेलं घरी येऊन सांगावं. लपवणारा एकदाचं देणं दोनदा देतो.

साळिंदरानं तिसरा काटा उपटला आणि दोषी म्हणून गाढवाचं नाव ठळक लिहिलं: रेंकोजीराव.