खापरमाळच्या चर्चला दार का नाही

सलाम. या, सावलीत बसा. उपासनेला अजून अर्धा तास आहे. आणि ते फोटो काढणं आधी थांबवा. चौकट पाहायची तर डोळ्यांनी पाहा.

होय, दार नाही. पडलं नाही, चोरीलाही गेलं नाही. या चर्चला शंभराहून जास्त वर्षं दार नाही. चौकटीला बिजागऱ्या तेवढ्या आहेत. शिंगणापूरला घरांना दारं नसतात, ती लोकांच्या श्रद्धेने. आमचं तसलं काही पुण्याचं काम नाही. दार ठेवायची आमची लायकी नाही, म्हणून नाही.

मी सुवार्ता ओहोळ. हे ज्या बाईमुळे झालं ती झुंबरबाई माझ्या सासऱ्यांची आजी. पाळकसाहेब तिची गोष्ट दर वर्षी वर्धापनदिनाला सांगतात, आणि साखर घालून सांगतात. माझ्या सासऱ्यांनी मला सांगितली ती अशी.

मोठा दुष्काळ सरून दहा-बारा वर्षं झाली होती म्हणे. तोवर मंडळी एका छपरात जमायची, दाराच्या जागी गोणपाट. प्रार्थनेत शेळ्या घुसायच्या, टवाळखोर गोणपाट उचलून खिदळायचे. मग पलीकडच्या माळावर वडारांची पालं पडली. दगड फोडणारी माणसं. त्यांनी खाणीतून दगड काढून या भिंती उभ्या केल्या. तुम्ही आत्ता ज्याला टेकला आहात तो दगड यल्लाप्पाच्या हातचा असेल, त्यांच्यात तोच मोठा कसबी. त्याची बायको दुर्गव्वा रोज सकाळी झुंबरबाईकडे चुलीसाठी विस्तव मागायला यायची आणि जाताना तांब्याभर ताक घेऊन जायची. झुंबरबाई विधवा, लेक शिकायला नगरला, घरात एकटी. दोघींचं चांगलं जमायचं. दुपारी एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत बसायच्या, असं सांगतात.

भिंती झाल्या, कौलं चढली, आणि नगरहून बैलगाडीत सागवानी दार आलं. एकच फळी, पण उचलायला चार गडी लागावेत अशी. दार आलं आणि आमची डोकी फिरली. तेव्हा इथे पाळक नव्हता, शाळा आणि उपासना दोन्ही मास्तरच चालवायचे. त्यांनी नियम काढला. भजन सुरू झालं की कडी लागणार, ती शेवटच्या आमेननंतरच निघणार. उशिरा येईल त्याने उन्हात उभं राहावं. कडी लावायचा मान झुंबरबाईला दिला. जिला जन्मभर पाणवठ्यावर लोकांनी अडवलं, तिला दुसऱ्याला अडवायचा अधिकार मिळाला. तिला काय आनंद झाला म्हणून सांगू! रविवारी ठेवणीतलं लुगडं नेसून ती दाराला पाठ लावून बसायची म्हणे.

चैत्रातला एक रविवार. गाव बाजाराला गेलेलं, वडारांची माणसंही त्याच वाटेने गेलेली. यल्लाप्पा तेवढा बायकोसह मागे राहिला होता, आमच्याच आवाराच्या भिंतीचे दगड काढायला. दुपारी खाणीत धोंडा घसरला आणि त्याच्या कमरेवर येऊन बसला. दुर्गव्वाने पहार घालून पाहिली, धोंडा हलेना. माणूस जिवंत होता, बोलत होता. आख्ख्या शिवारात तीस गडी एका जागी होते, ते इथे, या भिंतींच्या आत. ती धावत आली आणि दार बडवायला लागली.

आत भजन चाललं होतं. कसलं, ते ऐका. हे प्रभू, तू आमच्या दाराशी ये, आम्ही तुझी वाट पाहतो आहोत, अशा अर्थाचं काहीतरी. आणि दारावर थापा पडत होत्या. पहिली थाप सगळ्यांनी ऐकली. कोणी म्हणेल ऐकली नाही, तर तो खोटं बोलतो. मास्तरांनी हाताने खूण केली, वर घ्या, आणि सगळे आणखी मोठ्याने गायला लागले. माझे सासरे इथवर आले की थुंकायचे. मीही थुंकले असते, पण पायरी मलाच झाडायची असते.

दुर्गव्वाने फटीला तोंड लावलं. “अक्का, दार काढ. माझा मालक धोंड्याखाली हाय. मानसं दे, अक्का.”

झुंबरबाईने आवाज ओळखला. रोजचा आवाज तो, न ओळखून कसं चालेल? तिने फटीतून पाहिलंसुद्धा. आणि काय म्हणाली?

“थांब बाई जरा. प्रार्थना संपू दे.”

पाळकसाहेब सांगतात की झुंबरबाई ताडकन उठली आणि तिने दार उघडलं. साफ खोटं! कडीवर हात तिचाच होता आणि तो तिने तसाच ठेवला. दुर्गव्वा आणखी थोडा वेळ बडवत राहिली, मग थापा थांबल्या. आतल्यांना बरं वाटलं असेल. भजनाची उरलेली कडवी झाली, मग मास्तरांची प्रार्थना. राजासाठी, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, आणि हो, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीही. मग आमेन.

कडी निघाली तसे सगळे धावले. आता धावले! बारा जणांनी हात लावला आणि धोंडा बाजूला झाला, इतकं सोपं काम होतं ते. दुर्गव्वा पहार घेऊन तिथेच बसली होती, तळहात सोलवटलेले. यल्लाप्पाचं अंग अजून गरम होतं. झुंबरबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दुर्गव्वाने तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “मगाशी बोलत व्हता.”

ती रडली नाही की ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर आम्ही एव्हाना विसरूनही गेलो असतो.

माणूस उचलून न्यायला काही नव्हतं. झुंबरबाई म्हणाली, “दार काढा.” चौघांनी ते बिजागऱ्यांवरून उतरवलं, त्यावर यल्लाप्पाला पालांपर्यंत नेलं. त्याच्या लोकांनी संध्याकाळी त्याला माळावर पुरलं आणि माती थेट अंगावर पडू नये म्हणून तेच दार वर घातलं. मास्तर चुळबुळ करत म्हणाले, दार मंडळीचं आहे. त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडारांची पालं उठली. ती कुठे गेली, आजवर पत्ता नाही.

पुढच्या रविवारी मास्तरांनी नव्या दारासाठी सुतार बोलावला. झुंबरबाई या उंबऱ्यावर बसलेली, क्रुसाकडे पाठ, तोंड रस्त्याकडे.

“कडी म्या लावली,” ती म्हणाली. “दार बसवायचं आसंल तर माज्या अंगावरनं बसवा.”

मास्तर म्हणाले, “झुंबरबाई, देवाकडं पाठ करून बसू नये.”

“देवाकडं त्वांड करून म्या मानूस मारला, मास्तर. आता पाठ करून बघते.”

सुतार परत गेला. ती मरेपर्यंत, वीस-बावीस वर्षं, दर रविवारी तिथेच बसली. प्रभुभोजनही तिला बाहेर आणून द्यायचे, सगळ्यांच्या शेवटी. ती गेली त्या आठवड्यात मंडळीने ठरवलं की ही जागा रिकामी ठेवायची नाही.

आजही दर रविवारी एका घरातलं एक माणूस इथे बसतं. त्याला कानाची पाळी म्हणतात. त्याने गायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, रस्ता ऐकायचा. कोणी हाक मारत आलं तर आत जाऊन एकच शब्द बोलायचा, “उठा.” मग भजन अर्ध्या ओळीवर तुटलं तरी चालतं. गेल्या पावसाळ्यात चारदा तुटलं. एकदा नुसती म्हैस चिखलात रुतली होती, आणि तीही कोणाची, तर आमच्या नाताळच्या मिरवणुकीवर दगड टाकणाऱ्याची! पांढऱ्या कपड्यांनी गुडघाभर चिखलात उतरलो. त्याला शिव्या घालत उतरलो, पण उतरलो. नव्या कमिटीला आता शटर हवं आहे, आत कुत्री येतात म्हणे. येऊ देत.

घंटा झाली. तुम्ही पाहुणे, आत जा, पुढे बसा. आज पाळी माझी आहे.

काय म्हणालात ताई? पुढे कधीतरी दुर्गव्वाने माफ केलं असेल? पाळकसाहेबही तेच सांगतात, ती परत आली, झुंबरबाईच्या गळ्यात पडली वगैरे. नाही हो आली. तिने माफ केलं असतं, तर आम्ही केव्हाच दार बसवलं असतं.