पांढरं फडकं

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि वर माचीवर एकच खोपी. तिच्यात गावाचा राखणदार राहायचा. बाकीचे राखणदार शेत राखतात, हा बापडा आभाळ राखायचा. समोरच्या उभ्या कड्यावर दर वर्षी थंडी सरता सरता शाहीन ससाण्याची जोडी घरटं करायला यायची. पक्षी कावळ्याएवढाच, पण झेप अशी की नजर ठरू नये. पंचक्रोशीत तो दुसरीकडे कुठं दिसायचा नाही.

शाहीन दिसला की राखणदारानं उंच बांबूला पांढरं फडकं बांधायचं, अशी रीत होती. ते पाहून सगळा गाव भाकऱ्या बांधून माचीवर चढायचा आणि एका पंगतीत जेवायचा. मग पिल्लं उडेपर्यंत मध काढणारे त्या कड्यावरच्या पोळ्यांसाठी दोर लावायचे नाहीत, नाहीतर जोडी बुजून उडून जायची.

पण चार वर्षं झाली, शाहीन फिरकलाच नव्हता. राखणदार रोज उजाडताच निघायचा. एकेक धार, एकेक खिंड धुंडाळायचा, मान अवघडेपर्यंत वर बघायचा. बायको होती तेव्हा संध्याकाळी "दिसला का?" म्हणून विचारणारं कुणीतरी होतं. ती गेल्यापासून माचीवर माणसाचा शब्द नव्हता. शोधता शोधता त्याला पक्ष्यापेक्षा ती पंगतच जास्त आठवायला लागली.

एका सकाळी त्याचा धीर सुटला. आभाळ रिकामं होतं, तरी त्यानं बांबूला फडकं बांधलं.

दुपारपर्यंत माची फुलून गेली. मध काढणाऱ्यांनी ऐन मधाच्या दिवसांत दोर गुंडाळले. कुणी पिठलं आणलं, कुणी ठेचा. राखणदार वेड्यासारखा हसत प्रत्येकाला पाणी देत होता.

सगळ्यांत शेवटी गावची म्हातारी आक्का काठी टेकत वर आली. तिला आता दिसत नव्हतं. ती त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "कुठनं आला रं? नीट सांग. तुझ्या डोळ्यांनी बघते मी."

राखणदारानं हातातला घास खाली ठेवला. दुसऱ्या कुणाचीही नजर त्यानं चुकवली असती, पण हिच्यापाशी चुकवायला नजरच नव्हती.

"आला नाही, आक्का," तो म्हणाला. "मला एकट्यानं राहवेना, म्हणून बांधलं."

 मग मध काढणाऱ्यांचा म्होरक्या उठला. त्यानं फडकं सोडून खांद्यावर टाकलं. "आमचा हंगाम गेला असता तुझ्यापायी," एवढंच बोलून तो उतरला. त्याच्यामागून सगळे उतरले. आक्का मात्र तिथंच बसून राहिली.

"एवढंच होतं तर तसा निरोप धाडायचा," ती म्हणाली. "भाकरी काय मी पाखरासाठी आणली होती?"

राखणदाराला रडू फुटलं.

पंधरा दिवसांनी भल्या सकाळी कड्यावरून एक काळसर रेघ सरळ खाली आली आणि वळून कपारीत शिरली. मागोमाग दुसरी. शाहीनची जोडी आली होती. राखणदाराचा हात बांबूकडे गेला, पण फडकं कुठं होतं? तो धावत गावात गेला. प्रत्येक दारात सांगत सुटला. कुणी हसलं, कुणी दार लोटलं. म्होरक्या म्हणाला, "पुन्हा भूक लागली वाटतं पंगतीची."

आक्कानं भाकरी फडक्यात बांधली, काठी घेतली आणि म्हणाली, "चल."

माचीवर दोघंच बसली. कड्यावरून शाहीनची कर्कश हाक आली तशी आक्कानं मान वर केली. राखणदार तिला सांगत राहिला, आता कुठं वळला, आता कुठं बसला. त्याच वेळी खाली मध काढणारे दोर घेऊन कड्याकडे निघाले होते. कड्याला दोर लागले आणि संध्याकाळपर्यंत ती जोडी बुजून उडून गेली, ती पुन्हा आली नाही.

तात्पर्य: सोबत हवी असेल तर सरळ सोबतच मागावी. खोट्या निमित्तानं बोलावलेली माणसं खऱ्या निमित्ताला येत नाहीत.